आत्याला येणारे फोन

माझी आत्या उज्जैनला दिलेली. फ्रीगंजातल्या तिच्या घरी दुपारची जेवणं आटोपून ती जरा आडवी झाली की फोन वाजतो. पलीकडे पुण्याचं, संभाजीनगरचं किंवा डोंबिवलीचं कुणीतरी असतं. कधी नात्यातलं, कधी नात्यातल्यांच्या शेजारचं. "आत्या, आम्ही येतोय महाकालाला. भस्मारतीचं आधी ठरवावं लागतं का? सोवळं घरून आणायचं की तिथं मिळतं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना रांगेत उभं राहवेल का? ओंकारेश्वर त्याच दिवशी उरकेल का?" आत्या उठून बसते आणि सगळं नीट सांगते. मी लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा हेच प्रश्न पोस्टकार्डावर यायचे. आता फोनवर येतात. प्रश्न मात्र तेच दहा-बारा.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिची नात, म्हणजे माझ्या आतेभावाची मुलगी, वही घेऊन समोर येऊन बसली. "काका, मला मराठीत लिहायचंय आणि त्यातून चार पैसेही मिळवायचेत. विषय कोणता घेऊ?" तिची यादी तयार होती. प्रेरणादायी विचार, शेअर बाजार, मोबाइलची परीक्षणं, वजन कमी करण्याचे उपाय. सर्वाधिक कमाईचे विषय म्हणून कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेली ही यादी तिनं उतरवून घेतली होती. मी ती वाचत होतो आणि आतल्या खोलीत आत्या कुणाला तरी सांगत होती, "नाही गं, भस्मारतीच्या आदल्या दिवशी ओंकारेश्वर करू नका. जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर होतात. रात्री दमून याल आणि मध्यरात्रीच पुन्हा निघावं लागेल."

मी त्या मुलीला म्हटलं, "तुझा विषय आत फोनवर बोलतोय."

ती हसली, पण तिला ते पटलं नव्हतं. पुढचे तीन दिवस आम्ही याच गोष्टीवर बोलत राहिलो. लिहून कमवू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणालाही तो हिशेब उपयोगी पडावा, म्हणून इथं मांडतो.

लेखनातून पैसा येतो म्हणजे तो कुणाच्या तरी खिशातून येतो. विषय निवडायचा तर आधी तो खिसा कुणाचा ते पाहावं लागतं. मराठीत याची जुनी आणि चांगली उदाहरणं आहेत. 1920 साली किर्लोस्करवाडीहून शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं हे तिचं पहिलं काम. पैसा कारखान्याचा होता. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्राचं मोठं मासिक झालं. दुसरं उदाहरण कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'चं. ते पुस्तक 1970 साली आलं. स्वयंपाकाची पुस्तकं त्याआधीही होती, 'रुचिरा'नं मात्र प्रमाण वाटी-चमच्यात दिलं. 'अंदाजे मीठ' हे आईजवळ उभी राहून शिकणाऱ्या मुलीला पुरतं. नोकरीच्या गावी नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला ते पुरत नाही. तिला वाटी हवी होती आणि त्या वाटीसाठी तिनं स्वतःच्या पर्समधून पैसे काढले.

तिसरं उदाहरण दिवाळी अंकाचं. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ती प्रथा आजतागायत चालू आहे. दिवाळी अंक दिवाळीतच का निघतो, याचं एक कारण फराळ आणि फुरसत हे आहेच. दुसरं कारण जाहिरातींच्या पानांत आहे. कापड, दागिने, भांडी, अत्तरं विकणाऱ्यांचा हंगाम तोच असतो. गिऱ्हाईक खरेदीला निघण्याच्या बेतात असताना जो मजकूर त्याच्या हातात पडतो, त्या मजकुराशेजारच्या जागेला व्यापारी चांगला भाव देतो.

आज मोबाइलवर मजकुराच्या बाजूला जाहिरात दिसते, तीही याच नियमानं चालते. फक्त भाव क्षणाक्षणाला ठरतो. वाचक पान उघडतो त्या क्षणी त्या जागेचा लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात पुढे येते. विमा कंपनीला एक ग्राहक मिळाला तर वर्षानुवर्षं हप्ते येतात, म्हणून ती मोठी बोली लावते. कर्ज, घर, शिक्षण यांचंही तसंच. सुविचार वाचणारा मात्र त्या क्षणी काहीच विकत घेणार नसतो. त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोरच्या जागेला फारशी किंमत नसते. लाख माणसांनी पाहिलेल्या सुविचारापेक्षा हजार माणसांनी वाचलेला गृहकर्जावरचा लेख जास्त कमवू शकतो, तो यामुळेच. त्यात मराठी मजकुराला इंग्रजीच्या मानानं बोली सहसा कमी लागते. म्हणून मराठीत लिहिणाऱ्यानं नुसत्या जाहिरातीवर भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचकानं स्वतःहून दहा-वीस रुपये मोजावेत इतकं उपयोगी काही त्याच्याजवळ असलं पाहिजे.

या मुलीच्या यादीतला शेअर बाजार असा बाद झाला. विषय कमाईचा आहे यात शंका नाही. पण अमुक शेअर घ्या, तमुक विका असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते आणि ती नसताना दिलेला सल्ला कायद्यात बसत नाही. शिवाय तिनं आयुष्यात एकही शेअर घेतलेला नाही. वजन कमी करण्याचंही तसंच. आरोग्य आणि पैसा या दोन विषयांत चुकीच्या वाक्यानं माणसाचं खरं नुकसान होतं. तिथं अनुभव आणि शिक्षण नसलेल्यानं कमाईसाठी शिरू नये.

मग तिनं रास्त शंका काढली. "पण काका, महाकालावर तर सगळेच लिहितात."

हे खरं आहे. 2022 च्या ऑक्टोबरात मंदिरालगतच्या 'महाकाल लोक' परिसराचं उद्घाटन झाल्यापासून उज्जैनवर लिहिणाऱ्यांचा आणि व्हिडिओ करणाऱ्यांचा पूर आलाय. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, दक्षिणमुखी, हे वाक्य हजार ठिकाणी सापडतं. पण लिहिणारे किती आहेत हे मोजून काही कळत नाही. आत्याचा फोन अजून का वाजतो, हे विचारावं. एवढा मजकूर असतानाही लोक पुन्हा तिलाच विचारतात, म्हणजे त्या मजकुरात काहीतरी राहून गेलंय. ते राहून गेलेलं हाच तुमचा विषय.

त्यातलं एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे.

पुण्याचं एक कुटुंब ठरवतं, श्रावणी सोमवारी उज्जैनला जायचं आणि महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, पाहायची. भिंतीवरची दिनदर्शिका बघून तिकिटं काढतात. पण महिना मोजायची पद्धत आपल्याकडे एक आणि माळव्यात दुसरी. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे उज्जैनचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आपल्या दिनदर्शिकेत आषाढ वद्य चालू असतं तेव्हा तिथं श्रावणातली सवारी निघालेलीही असते. उलट, आपल्या श्रावणाचा उत्तरार्ध चालू असताना तिथं भाद्रपद लागलेला असतो. शुद्ध पक्षातल्या सणांना ही अडचण येत नाही. नागपंचमी दोन्हीकडे श्रावण शुद्ध पंचमीच. वद्य पक्षात मात्र महिन्याचं नाव बदलतं. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशी, त्यांच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दिवस तोच.

आता यातली गंमत बघा. महाकालाची सवारी नुसत्या उत्तरेतल्या श्रावणापुरती नसते. ती भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंतच्या सोमवारीही निघते. ही त्यांची भाद्रपद अमावास्या म्हणजे आपली श्रावण अमावास्या, आपला पोळा! उत्तरेतला श्रावण आणि मराठी श्रावण असे दोन्ही त्या सवारीत सामावलेले आहेत आणि ही शिंद्यांच्या राजवटीतल्या मराठी वहिवाटीची खूण आहे, असं उज्जैनमध्ये सांगतात. म्हणजे पुण्याच्या कुटुंबानं स्वतःच्या दिनदर्शिकेतला श्रावणी सोमवार धरला तरी त्यांना सवारी दिसते. हंगाम मात्र त्यांच्या श्रावणाच्या दोन आठवडे आधीच सुरू झालेला असतो, गर्दीचे आणि रांगांचे नियम तेव्हापासून बदललेले असतात आणि शेवटची, सगळ्यांत मोठी सवारी पोळ्याच्या आधीच्या सोमवारच्या सुमारास येते. आषाढ वद्यात 'अजून श्रावण कुठे लागलाय, गर्दी नसेल' म्हणून शांत दर्शनाला गेलेला मराठी माणूस त्या गर्दीत सापडतो.

ही माहिती हिंदीत लिहिणारा देणार नाही, कारण त्याच्या वाचकाला हा प्रश्नच पडत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला दोन महिन्यांतला फरक बहुधा कळतच नसतो. मराठी वाचकासाठी उज्जैनमध्ये बसून लिहिणाऱ्यालाच हे सुचतं, जमतं आणि शोभतं. दोन मुलखांच्या, दोन भाषांच्या, दोन रीतींच्या सांध्यावर जो उभा असतो त्याला असे प्रश्न फुकट दिसतात. मराठी मुलुखाबाहेर वाढलेल्या मराठी मुलांकडे, मग ती इंदूरची असोत, बडोद्याची की तंजावरची, हे भांडवल जन्मतःच असतं आणि त्यांतली बहुतेक ते ओळखत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

विषय अरुंद झाला की वाचक कमी होतील, अशी भीती तिला वाटत होती. उज्जैननंच या भीतीचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलंय. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांनी मुख्य रेखावृत्त उज्जैनवरून धरलं. गणिताचा पाया तिथला. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसीबरोबर इथंही वेधशाळा बांधली. ती मोडकळीला आल्यावर माधवराव शिंद्यांच्या काळात, 1923 मध्ये, गोविंद सदाशिव आपटे या मराठी पंडितांनी तिचा जीर्णोद्धार केला. 1942 पासून ही वेधशाळा दरवर्षी ग्रहांची स्थिती सांगणारी पंजिका काढते. आता विचार करा. आकाश सगळ्यांचं एकच, सूत्रं तीच, तरी गावोगावी वेगळं पंचांग का विकलं जातं? कारण सूर्योदय जागेप्रमाणे बदलतो. उज्जैन साधारण पावणेशहात्तर अंश रेखांशावर आहे, घड्याळाची भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंशांची. एका अंशाला चार मिनिटं धरली तर उज्जैनची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे 27 मिनिटं मागे येते, मुंबईची जवळजवळ 39 मिनिटं. मुंबईतला माणूस उज्जैनचं पंचांग घेऊन मुहूर्त काढू शकत नाही. विषय तोच ठेवून जागा बदलली की नवं पुस्तक तयार होतं आणि त्याला स्वतःचं गिऱ्हाईक मिळतं.

पंचांगाची आणखी एक ताकद आहे. ते वर्षानं जुनं होतं. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली 'कालनिर्णय' काढलं तेव्हा पंचांग, सण, सुट्ट्या आणि पानामागचा वाचनीय मजकूर त्यांनी एका खिळ्यावर टांगला. मजकूर उत्तम होता हे खरंच. पण व्यवसाय म्हणून खरी भक्कम गोष्ट ही की 31 डिसेंबरला प्रत्येक घरातला तो खिळा रिकामा होतो. वाचकाला दुसऱ्यांदा पटवावं लागत नाही. आत्याच्या विषयातही हेच आहे. दर्शनाचे नियम, आरतीची परवानगी, पार्किंग, रस्ते, गाड्यांच्या वेळा हे सगळं बदलत राहतं. माहिती शिळी होते ही लेखकाची अडचण वाटते, पण त्याचं दुकान तीच चालवते. अट एकच, ती खरोखर ताजी ठेवायची आणि कोणत्या महिन्यापर्यंतची आहे ते ठळक छापायचं. दोन वर्षांपूर्वीचा नियम आजचा म्हणून सांगितला आणि त्यापायी एखादं म्हातारं माणूस रात्रभर थंडीत उभं राहिलं, तर तो वाचक पुन्हा येत नाही. येऊही नये.

नेहमी लागणारं आणि कधीतरी लागणारं, यांचं प्रमाणही आधी ठरवावं लागतं. महाकालाच्या मंदिरात वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वर आहे. त्याचं दार वर्षातून फक्त नागपंचमीला उघडतं. त्यावर लिहिलेल्या लेखाला वर्षभर फारसा वाचक नसतो आणि त्या आठवड्यात एकदम गर्दी होते. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, वर्षातून एकदाच, एरवी पहाटे होणारी भस्मारती दुपारी होते. तिचंही तसंच. असे लेख महिनाभर आधी तयार ठेवायचे. त्या आठवड्यात लिहायला बसलं तर गाडी गेलेली असते. आणि सगळ्यांत मोठा हंगाम बारा वर्षांनी येणारा. गुरू सिंह राशीत असताना सूर्यही सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला पर्वणी आणि त्याच मुक्कामात सूर्य मेषेत गेला की उज्जैनला सिंहस्थ. म्हणून 2015 च्या नाशिकनंतर 2016 च्या एप्रिल-मे महिन्यांत उज्जैनचा सिंहस्थ झाला. पुढची जोडी 2027 आणि 2028 ची. नाशिकच्या पर्वणीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी जणांच्या मनात पुढचं उज्जैन असणार. त्यांना मराठीत वाट दाखवणाऱ्याला तेव्हा उसंत मिळणार नाही. पण सिंहस्थावरच सगळा डाव लावला तर 2028 च्या पावसाळ्यात हात रिकामे होतात. म्हणून घर चालवायला बारमाही प्रश्न ठेवावेत आणि सिंहस्थाला सुगी समजावं.

पैशाचा अंदाज आम्ही एका संध्याकाळी कागदावर मांडला. समजा, मराठी भाविकासाठी 48 पानांची पुस्तिका काढली आणि किंमत 80 रुपये ठेवली. छपाईला प्रतीमागे 25 गेले, विकणाऱ्याला 24 दिले, तर हातात 31 रुपये. हजार प्रती गेल्या तर 31 हजार, त्यातून प्रवास, फोन आणि न विकलेल्या प्रती वजा. तीच पुस्तिका मोबाइलवर 40 रुपयांना दिली तर छपाई नाही, विक्रेता नाही. पण फुकट पुढे पाठवली जाण्याची शक्यता मोठी. तिसरी वाट दलालीची. राहायची जागा, गाडी, भैरवगढचं बाटिक. भैरवगढच्या या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि मराठी बायका साड्या, चादरी बघायला तिकडे आवर्जून जातात. कोणत्या दुकानात हातानं मेण लावून केलेलं काम मिळतं आणि कुठं यंत्रावर छापलेलं त्याच नावानं विकतात, हे ओळखायला शिकवणारं लेखन दोन्ही बाजूंच्या कामाचं आहे. मात्र ज्याच्याकडून पैसे घेतले त्याचं नाव सुचवताना तसं उघड सांगायलाच हवं. जाहिरात मानक परिषदेनं 2021 मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी हा दंडक घालून दिलाय. दंडक नसता तरी आत्याच्या घराण्याला तेच शोभलं असतं.

आणि आता मंगळनाथ. मंगळाचं जन्मस्थान मानलं जाणारं हे देऊळ शिप्रेच्या काठी आहे आणि पत्रिकेत मंगळ असलेल्या मुलामुलींचे आईवडील महाराष्ट्रातून भातपूजेला तिथं सतत येतात. हा विषय भरपूर पैसा देईल. मी त्या मुलीला सांगितलं, लिही, पण सीमा आखून लिही. पूजा कशी होते, किती वेळ लागतो, पावती कुठं मिळते, कुणी अवाच्या सवा पैसे मागितले तर काय करायचं, हे सगळं लिही. 'ही पूजा केली नाही तर लग्न टिकणार नाही' हे वाक्य मात्र कितीही पैसे मिळोत, लिहू नकोस. घाबरलेल्या माणसाचा हात पाकिटाकडे लवकर जातो, हे सगळ्या विक्रेत्यांना ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाच्या काळजीनं आठशे किलोमीटर आलेल्या बापाला आणखी घाबरवून मिळवलेला पैसा मला लेखनाची कमाई वाटत नाही. देवळांवर लिहिणाऱ्यांनी ही सीमा पाळली नाही तर वाचकाचा विश्वास सगळ्यांवरूनच उडेल.

शेवटच्या दिवशी तिनं मनातलं विचारलं. "काका, मला खरं तर शिंद्यांच्या काळातल्या उज्जैनवर लिहायचंय. ते सोडून द्यायचं का?"

हा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. छत्री चौकातलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलं. दौलतरावांनी 1810 मध्ये बस्तान ग्वाल्हेरला हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी इथंच होती. या विषयाला जाहिरातीची बोली लागणार नाही आणि सहलीच्या गडबडीत त्यासाठी कुणी वेगळे पैसेही देणार नाही. तरी तो सोडायचा नाही. उज्जैनच्याच पंडित सूर्यनारायण व्यासांकडे बघावं. ज्योतिष हा त्यांचा व्यवसाय, कालिदास आणि विक्रमादित्य हा त्यांचा ध्यास. त्यांनी 'विक्रम' मासिक चालवलं, कालिदास समारोह उभा केला, विक्रम विद्यापीठासाठी खटपट केली. एका विद्येनं घर सांभाळलं आणि दुसरीनं गाव मोठं केलं. याच गावात वाढलेले, मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 1964 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर आला. किफायतशीर विषय शोधताना ही आठवण जवळ असावी, म्हणजे न कमावणारं लेखन कमी दर्जाचं, असं मनात येत नाही. रांगेचे नियम वाचायला आलेल्या माणसाला दोन पानं बायजाबाईंची मिळाली तर तो ती वाचतो. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर तर नक्कीच वाचतो आणि त्या दोन पानांसाठी लेखिकेचं नाव लक्षात ठेवतो.

निघायच्या दिवशी सकाळी मी तिला रामघाटावर घेऊन गेलो. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि जे मराठी कानावर पडेल ते तिनं लिहून घेतलं. नऊवारीतल्या एक बाई एकदम तिच्याकडेच वळल्या. "अगं पोरी, तू मराठी दिसतेस. सांदीपनींचा आश्रम चालत जाण्यासारखा आहे का गं? आणि आमच्या ह्यांना साखरेचा त्रास आहे, सकाळी बिनसाखरेचं खायला कुठं मिळेल?" तिनं उत्तर दिलं आणि मग प्रश्न वहीत टिपला. दोन तासांत एकोणचाळीस प्रश्न झाले. त्यातले सतरा प्रश्न म्हणजे शब्द बदलून आलेले तेच पाच होते. मी तिला त्या पाचांभोवती चौकट आखायला सांगितली. एखाद्या विषयावर तीस प्रश्न सुचले नाहीत तर तो वर्षभर पुरत नाही. आणि तीस अनोळखी माणसांत एकच प्रश्न पाचदा आला नाही तर त्यासाठी कुणी पैसे देत नाही. निदान माझा इतक्या वर्षांच्या संपादकीय कामाचा ठोकताळा हा आहे.

तिनं पहिली पुस्तिका दोन्ही श्रावणांवर करायला घेतलीय. दर पानावर तारखांचे दोन रकाने आहेत, डावीकडे आपला महिना, उजवीकडे उज्जैनचा. मजकूर आत्या तपासते. तुमच्याही घरात कुणीतरी असेल ज्याला बाहेरगावचे, बाहेरच्या घरांतले लोक पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत असतील. बियाण्यांचं, दाखल्यांचं, लोणच्याच्या मिठाचं, वसतिगृहातल्या प्रवेशाचं. लिहायला विषय शोधत असाल तर आज रात्री जेवताना त्यांना विचारा, तुला कशासाठी फोन येतात?